वसईच्या किल्ल्याचे बुरूज टोकदार का?

खाडीकाठ
राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड पायाखालून घातलेल्या माणसाला वसईच्या किल्ल्यात शिरल्यावर चुकल्यासारखं होतं. चढ नाही, कडा नाही, माची नाही आणि बुरूज गोल नाहीत. सपाट जमिनीवर लांबच लांब तट आणि त्यातून बाहेर आलेली दगडी टोकं. सॅटेलाइट फोटोत बघा, जमिनीवरून कळत नाही ते वरून लगेच कळतं. माझे प्रश्न दोन. बुरूज असे टोकदार का बांधले, म्हणजे लढाईत त्याचा नक्की उपयोग काय? आणि एवढा विचार करून बांधलेला किल्ला १७३९ मध्ये पडला कसा? पहिल्या प्रश्नाला सगळीकडे "पोर्तुगीज स्टाइल" एवढंच उत्तर मिळतं, त्याने माझं समाधान होत नाही. मला वाटतं हा स्टाइलचा विषयच नाही, तोफ आल्यावर किल्ल्याला बदलावं लागलं त्याचा हा पुरावा आहे, आणि तो आपल्या दाराशी लोकल ट्रेनच्या अंतरावर उभा असताना गडकोटांच्या गप्पांत वसईचं नाव सगळ्यात शेवटी येतं याचं वाईट वाटतं.

पारवा
मस्त धागा. बसलोय वाचत.

तोफखाना
खाडीकाठ, प्रश्न एकदम नेमका विचारलाय, जरा सविस्तर लिहितो.

गोल बुरूज डोळ्यासमोर आणा. त्याच्या अगदी पुढ्यात, पायथ्याशी, एक जागा अशी राहते जी शेजारच्या कुठल्याही बुरजावरून दिसत नाही, कारण बुरजाचं पोटच मधे येतं. वरून बघायचं तर चर्येच्या, म्हणजे तटावरच्या कठड्याच्या, बाहेर अर्धं अंग काढून वाकावं लागतं आणि तेवढ्यात खालचा बंदूकवाला टिपतो. शत्रू एकदा त्या आंधळ्या जागेत पोचला की तो निवांत पहार चालवतो, सुरुंग भरतो, शिड्या लावतो. आता ती आंधळी जागाच दगडमातीने भरून टाकली तर काय आकार उरेल? शेजारच्या दोन बुरजांवरून मारलेल्या दोन सरळ रेषा जिथे भेटतात तिथे एक टोक. हाच तो टोकदार बुरूज. म्हणजे आकार आधी सुचला आणि मग तोफा ठेवल्या असं नाही झालेलं, तोफेची रेष आधी आली आणि भिंत तिच्या मागून गेली.

दुसरा भाग बगलेचा. बुरूज जिथे तटाला चिकटतो तिथली छोटी बाजू म्हणजे बगल. खरं काम तिथल्या तोफा करतात. त्या समोर मैदानात मारत नाहीत, तटाला समांतर मारतात, म्हणजे तटाला शिड्या लावणारी रांगच्या रांग आडवी सापडते. आणि बाहेरच्या शत्रूला ती तोफ दिसतही नाही, बुरजाचा खांदा आड येतो.

तिसरं म्हणजे उंची. जुन्या काळी तट जेवढा उंच तेवढा चांगला. १४९४ मध्ये फ्रान्सचा आठवा चार्ल्स ओतीव कांस्याच्या तोफा आणि लोखंडी गोळे घेऊन इटलीत उतरला आणि शतकानुशतकं टिकलेल्या उंच भिंती भराभर कोसळल्या. उंच पातळ भिंत पडते तेव्हा तिच्याच राडारोड्याची वर चढायला उतरंड तयार होते. म्हणून इटालियन लोकांनी तट बुटका आणि जाड केला, दोन दगडी भिंती उभ्या करून मधे माती-रोडे ठासून भरले, गोळा आला की मातीत रुतून बसावा म्हणून. पुढच्या पन्नासेक वर्षांत हा प्रकार युरोपभर गेला आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आला.

घाटवाट
कागदावर छान आहे हो सगळं. पण पडलाच ना शेवटी? राजगडाला कड्याने जे काम फुकटात करून दिलं त्यासाठी इथे एवढी भूमिती करावी लागली. तोफ वर चढवायलाच जागा ठेवायची नाही, हे आपल्या लोकांचं उत्तर मला जास्त हुशारीचं वाटतं. राजगडाच्याच संजीवनी माचीचा दुहेरी चिलखती तट बघा, बाहेरचा पाडला तरी आतला आहेच आणि मधल्या अरुंद बोळात शत्रू अडकतो. ते बघितल्यावर वसई मला अजिबात थोर वाटत नाही.

तोफखाना
संजीवनी माचीबद्दल एकशे एक टक्के सहमत, जगात कुठेही मिरवावं असं काम आहे ते. पण घाटवाट, दोन्ही किल्ल्यांना दिलेलं काम वेगळं होतं. डोंगरी किल्ला मुलुख सांभाळतो, अडचणीच्या वेळी आसरा देतो. वसईला बंदर सांभाळायचं होतं, व्यापार चालवायचा होता, पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती ती. तटाच्या आत अख्खं शहर, चर्च, मठ, कॉलेज, हॉस्पिटल, बड्या लोकांची घरं. ते उचलून डोंगरावर नेता येत नाही. सपाटीला राहायचंच आहे आणि तोफा येणारच आहेत असं धरलं की मग हीच भूमिती लागते.

वसईकर
घरचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं 🙂

थोडं जागेवरचं सांगतो. हा किल्ला एका दमात बांधलेला नाही. १५३३ मध्ये नुनो द कुन्हाने इथली गुजरातच्या सुलतानाची ठाणी मोडली, मग डिसेंबर १५३४ च्या तहात बहादूरशहाने वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगीजांना देऊन टाकली, कारण त्याच्या मागे हुमायून लागला होता. १५३६ पासून आधी छोटा किल्ला झाला, त्यालाच आम्ही बालेकिल्ला म्हणतो, तो आतमध्ये वेगळा उभा दिसतो. बाहेरचा मोठा टोकदार बुरुजांचा तट नंतरचा. म्हणून आत फिरताना दोन वेगवेगळ्या काळांतले किल्ले बघताय हे लक्षात ठेवलं तर गोंधळ होत नाही.

बुरुजांना नावं संतांची. सॅन सेबॅस्टियन, रेमेदिओस (आपल्या कागदांत रिमेदी), रेइश मागुश, सांतियागो, साव पेद्रो, साव पावलो, आणि एक नाव चक्क एलेफांते, म्हणजे हत्ती बुरूज म्हणा. दोन मोठे दरवाजे, एक दर्या दरवाजा आणि एक जमिनीकडचा. दर्या दरवाज्याच्या लाकडी फळ्यांवर लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत ते जवळून बघा. आत शिरलं की वाट सरळ जात नाही, वळवलेली आहे, त्यामुळे बाहेरून डागलेला गोळा थेट आत येत नाही आणि घुसलेल्या माणसाला वळणावर दोन बाजूंनी मार बसतो. गोमुखी दरवाजा जसा आपल्याकडे, तसाच विचार.

चंद्रकोर
@घाटवाट, तुम्ही पावसाळा संपल्यावर एकदा जा, ताडाची झाडं, हिरवा तट आणि मागे खाडी. थोर वाटतो की नाही ते मग सांगा.

घाटवाट
सुंदर आहे हे मी कधी नाकारलं? मी लढाईबद्दल बोलतोय ताई.

नैरोबीची_वाट
मी नोकरीमुळे केनियात असते, इथल्या मोंबासाला फोर्ट जीझस नावाचा पोर्तुगीज किल्ला आहे. पहिल्यांदा बघितला तेव्हा बुरुजांची धाटणी बघून मला वसईच आठवली, आणि माहितीफलक वाचल्यावर कारणही कळलं. १५९३ मध्ये तो जोवांनी बात्तिस्ता कैराती नावाच्या मिलानच्या इंजिनिअरने आखला. हा कैराती पोर्तुगीज भारताचा मुख्य इंजिनिअर होता, गोव्यात राहायचा, वसई आणि दमणच्या तटबंदीशीही त्याचं नाव जोडलं जातं. म्हणजे तोफखाना म्हणतात ती इटलीची भूमिती इथे ऐकीव माहितीवर आलेली नाही, इटालियन माणूस स्वतः येऊन बसला होता.

अजून एक सांगते, त्याने मला फार आनंद झाला होता. १६९६ मध्ये ओमानच्या अरबांनी फोर्ट जीझसला वेढा घातला, तो १६९८ च्या डिसेंबरपर्यंत चालला. किल्ला वाचवायला गोव्याहून जी जहाजं आली त्यातलं एक सांतो आंतोनियो द ताना, ते १६९७ मध्ये किल्ल्यासमोरच बुडालं. ते जहाज कुठे बांधलेलं? वसईला! १९७०च्या दशकात पाणबुड्यांनी त्याचे अवशेष वर काढले आणि त्या वस्तू आज किल्ल्याच्या म्युझियममध्ये आहेत. आपल्या किनाऱ्यावर तासलेली लाकडं मोंबासाच्या पाण्यात तीनशे वर्षं पडून होती.

पारवा
काय सांगता! हे माहीतच नव्हतं. अंगावर काटा आला.

चंद्रकोर
वसईतून बाहेर गेलेल्या गोष्टींचा विषय निघालाच आहे तर दगडही घ्या. जुन्या गोव्यातलं बॉम जेझू चर्च आहे ना, १६०५ मध्ये पूर्ण झालेलं, त्याचे लाल जांभ्याचे दगड तिथलेच, पण दर्शनी बाजूचं काळ्या दगडातलं नक्षीकाम वसईच्या बेसॉल्टमधलं आहे, जहाजाने नेलेलं. जांभ्यात बारीक कोरीवकाम टिकत नाही म्हणून. आणि गोन्सालो गार्सिया हे वसईचेच, इथल्या जेझुइट कॉलेजात शिकले, जपानला गेले, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संत झाले. त्यांच्या नावाचं पडकं चर्च किल्ल्यात आहे.

ठाणेकर_जुना
थोडं अवांतर होतंय पण ठाण्याचंही ऐका. ठाणे सेंट्रल जेल म्हणजे पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला. मार्च १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो घेतला तेव्हा त्याचं काम पूर्णच झालेलं नव्हतं. साष्टीच्या तोंडावर पक्का किल्ला हवा हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण वेळ गेली होती. रोज कोर्टनाक्यावरून जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल की त्या भिंतीला बुरूज आहेत?

बखरवाचक
आता खाडीकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ, कारण घाटवाट यांचं "पडलाच ना" हे वाक्य मला दोन दिवस टोचतंय.

आधी १७३७ घ्या. ठाणं आणि साष्टी पटकन हाती आली, पण वसईवर त्याच वर्षी केलेले हल्ले फुकट गेले. शिड्या लावून, हिमतीवर तट चढून हा किल्ला मिळत नाही हे तेव्हाच कळलं. म्हणजे बगलेतल्या तोफांनी काम चोख केलं होतं. मग दुसऱ्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी काय केलं ते बघा. थेट वसईला भिडले नाहीत. १७३९च्या जानेवारी-फेब्रुवारीत माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी उत्तरेकडची एकेक ठाणी उचलली. तारापूरला आपले सरदार बाजी भिवराव रेठरेकर पडले, म्हणजे तेही स्वस्तात मिळालं नाही. मग दक्षिणेला वर्सोवा आणि धारावी. ही धारावी भाईंदर-उत्तनकडची, खाडीच्या तोंडावरची, मुंबईतली नव्हे. ती हातात आली की वसईच्या खाडीत बाहेरून गलबत आणणं मुश्कील. समुद्रावर मानाजी आंग्रे. अशा किल्ल्याचा जीव समुद्रातून येणाऱ्या रसदेत असतो आणि अप्पांनी आधी तीच आवळली.

फेब्रुवारीपासून वेढा, मोर्चे (म्हणजे आडोसा करून तोफा मांडलेल्या जागा) उत्तरेच्या जमिनीच्या बाजूने. आतल्या लोकांची अवस्था अशी की मुंबईच्या इंग्रजांकडून पैसे उचलायला चर्चमधली चांदी गहाण ठेवावी लागली. सेनापती मार्तिन्यु द सिल्व्हेरा द मेनेझिस वेढ्यातच मारला गेला, पुढे पेरेरा नावाच्या अधिकाऱ्याने किल्ला लढवला.

आणि आता मुख्य मुद्दा. तट तोफांनी पडला नाही. सुरुंगांनी पडला. रिमेदी आणि सॅन सेबॅस्टियन या दोन बुरुजांखाली सुरुंग भरले, मे महिन्यात बत्ती दिली, खिंडार पडलं आणि आपली माणसं त्यात घुसली. एक सुरुंग वेळेवर न उडता मागाहून उडाला आणि खिंडारात चढणारी आपलीच माणसं दगडांखाली गेली. तरी मागचे पुढे आलेच. ते वाचताना माझे डोळे भरून येतात, खोटं सांगत नाही. दोन दिवस त्या खिंडारावर मारामारी झाली, पोर्तुगीजही तसूभर हटत नव्हते, आणि मग आतून तहाचं बोलणं आलं. अप्पांनी त्यांना हत्यारांसह, निशाण फडकवत, वाजतगाजत बाहेर जाऊ दिलं, सामानसुमान न्यायला आठ दिवस दिले, मागे राहतील त्यांच्या धर्माला हात लावणार नाही असं कबूल केलं. मराठ्यांची माणसं हजारोंनी पडली होती, तरी हे कलम पाळलं.

तेव्हा "पडलाच ना" म्हणताना एवढं लक्षात घ्या, की वरून, समोरून, बाजूने हा किल्ला कोणाला घेता आला नाही. तो खालून घ्यावा लागला.

तोफखाना
बखरवाचक, _/\_

यात कारागिरीच्या बाजूने एक जोडतो. टोकदार बुरुजाची पण एक नाजूक जागा असते, त्याचं टोक. दोन्ही बाजूंनी उघडं, आणि तिथे आत माणसं-तोफा ठेवायला जागा कमी. त्यामुळे वेढा घालणारा कायम बुरुजाकडेच चर खणत येतो, मधल्या सरळ तटाकडे नाही, कारण तिथे दोन बगलांचा मार. अप्पांच्या लोकांनी दोन्ही सुरुंग बुरुजांखालीच लावले हे म्हणून मला फार बोलकं वाटतं. किल्ल्याची रचना त्यांना पुरती कळली होती.

घाटवाट
बखरवाचक, लिहिलंय जबरदस्त. पण माझा मुद्दा मी सोडत नाही, तुमच्याच माहितीने तो पक्का होतोय. एवढ्या लांब तटाला माणसं किती लागतात? प्रत्येक बुरजावर गोलंदाज, प्रत्येक बगलेत तोफ, दारूगोळा, खाणं, पाणी. माणसं कमी पडली आणि समुद्र बंद झाला की तीच भूमिती गळ्यात येते. डोंगरी किल्ला शंभर-दोनशे माणसांत महिनोन्महिने झुंजतो. पोर्तुगीजांनी ऐपतीपेक्षा मोठा किल्ला बांधला असं माझं म्हणणं आहे.

बखरवाचक
हे मात्र शंभर टक्के मान्य. तुमचं हे वाक्य आधीच्या वाक्यापेक्षा कितीतरी बरोबर आहे. गोव्याकडून कुमक येईल या हिशेबावर सगळी रचना उभी होती आणि गोव्यालाच त्या वर्षी मराठ्यांनी गुंतवून ठेवलं होतं.

नैरोबीची_वाट
मोंबासाची गोष्ट अगदी हीच. भिंत शाबूत, आतली माणसं रोगराईने आणि उपासमारीने संपली.

लेकुरवाळी
मला लढाईतलं फार कळत नाही पण एक विचारते, चिमाजी अप्पांना घाई का होती? अजून दोन महिने वेढा ठेवला असता तर उपासमारीनेच किल्ला मिळाला असता, एवढी माणसं गेली नसती ना?

बखरवाचक
ताई, फार चांगला प्रश्न. दोन कारणं. एक पावसाळा. मे संपला की वसईच्या त्या पाणथळ जमिनीत मोर्चे, चर, सुरुंग सगळं पाण्यात, आणि फौज परत न्यावी लागली असती, म्हणजे १७३७ सारखंच झालं असतं. दुसरं, मार्च १७३९ मध्ये नादिरशहा दिल्लीत होता. बाजीरावांना उत्तरेकडे फौज हवी होती आणि मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे हे वसईखाली अडकलेले. अप्पांच्या डोक्यावर दोन्ही ओझी होती.

वसईकर
लेकुरवाळी ताई, आणि त्या विजयाच्या खुणा बघायच्या असतील तर घंटा बघा. वसईच्या मोहिमेतल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी देवळांना दिल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळाची घंटा, तिच्यावर १७२१ साल आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची, तिच्यावर १७०७. भीमाशंकरलाही आहे. आणि वज्रेश्वरीचं आजचं देऊळ अप्पांच्या नवसाचं, हे तर आमच्याकडे लहान पोरंही सांगतात.

पारवा
मेणवलीची घंटा कितीदा बघितलीय, फोटो पण काढलेत, पण इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. आता पुढच्या वेळी साल वाचणार.

तोफखाना
खाडीकाठ यांच्या प्रश्नाची तिसरी बाजू राहते ती लिहून टाकतो. हाच किल्ला पुढे मराठ्यांनी लढवला. १७८० च्या नोव्हेंबरात इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने वेढा घातला, आधी लांबून मोर्चे, मग जवळ सरकवले, तोफा आणि उखळी तोफांचा सतत मारा, आणि डिसेंबरच्या मध्याला किल्ला गेला. सोडवायला आलेले मराठा सरदार रामचंद्र गणेश वज्रेश्वरीजवळ दुगाडच्या लढाईत पडले. १७३९ मध्ये ज्या तटासाठी तीन महिने आणि सुरुंग लागले तो एकेचाळीस वर्षांनी महिन्याभरात गेला. तट तोच, बुरूज तेच, पण समोरच्या तोफा आणि त्या चालवणारे कवायती गोलंदाज बदलले होते. सोळाव्या शतकातल्या तोफेसाठी काढलेलं उत्तर अठराव्या शतकाच्या शेवटी अपुरं पडायला लागलं. तहात वसई परत मिळाली आणि १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईलाच.

घाटवाट
त्या तहाची आठवण नको हो.

खाडीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता परत जायचंय ते बगल शोधायला. वसईकर, बगल सगळ्यात स्पष्ट कुठून दिसते? आणि तटावर चढणं सुरक्षित आहे का?

वसईकर
आत फिरून नाही दिसणार, बाहेरून तटाच्या कडेकडेने चाला. दोन बुरुजांच्या मधे तटाला पाठ टेकून उभे राहा आणि डावी-उजवीकडे बघा, दोन्ही बुरुजांची बाजू तुमच्याकडे तोंड करून असते, तीच बगल. तिथे उभं राहिलं की आपण दोन तोफांच्या मधे आहोत हे आपोआप कळतं. तटावर जायला जिने आहेत पण काही ठिकाणी फांजीचे, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेचे, दगड सुटलेत आणि झाडांच्या मुळांनी भेगा पडल्यात, पावसाळ्यात शेवाळ असतं, लहान मुलं असतील तर नकोच. सकाळी लवकर या, दुपारनंतर प्री-वेडिंगवाल्यांची गर्दी असते. वसई स्टेशनहून किल्ल्याची बस मिळते.

लेकुरवाळी
दमणचा किल्ला पण असाच आहे का? दिवाळीत जायचा विचार आहे.

नैरोबीची_वाट
मोटी दमणचा जरूर बघा, बुरूज वसईइतकेच टोकदार आणि आत अजून सरकारी कचेऱ्या, वस्ती आहे, त्यामुळे तट चांगला राखलेला आहे. नदीच्या पलीकडे नानी दमणला छोटा सेंट जेरोमचा किल्ला, तोही करून या, दोन्हींच्या तोफांमधून दमणगंगेचं तोंड कसं बंद व्हायचं ते समोरासमोर दिसतं.

तोफखाना
दमणवर वेगळा धागा काढा कोणीतरी, मी नकाशे घेऊन येतो.